परसबागेतील कळप : नर-मादीची ओळख आणि कोंबड्यांच्या वर्तनाचा अर्थ

परसबागेतील कुक्कुटपालनाचा हिशेब बहुधा पिल्ले घरी आणली त्याच दिवशी चुकतो. शंभर पिल्ले आणली म्हणजे शंभर कोंबड्या झाल्या, असे गृहीत धरून अंड्यांचा अंदाज बांधला जातो. प्रत्यक्षात नर-मादी वेगळे न करता मिळालेल्या एकदिवसीय पिल्लांत जवळजवळ निम्मे नर असतात. चार-पाच महिने दाणापाणी केल्यावर अंगणात अंड्यांऐवजी आरवण्याचे आवाज वाढतात, नरांच्या झुंजी लागतात, माद्यांच्या पाठीची पिसे उपटलेली दिसतात आणि 'या कोंबड्या आम्हाला लाभल्या नाहीत' असे म्हणून कुटुंब हा जोडधंदा सोडून देते. पिल्ले वाईट नसतात. नर कोणते, मादी कोणती आणि किती नर ठेवायचे, हा निर्णय योग्य आठवड्यात झालेला नसतो.

राज्याच्या पशुसंवर्धन विभागाच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत लाभार्थ्यास २५ तलंगा व ३ नर असा गट अथवा १०० एकदिवसीय पिल्ले अनुदानावर देण्याची पद्धत आहे. तलंग म्हणजे अद्याप अंड्यावर न आलेली तरुण मादी. या गटातील आकड्यांमागे शास्त्र आहे : एका नरामागे आठ ते दहा माद्या असल्यास अंडी फलित होतात आणि कळपात शांतता राहते. मात्र हे प्रमाण कागदावर असून चालत नाही. गट स्वीकारताना आणि पिल्ले वाढवताना ते डोळ्यांनी पडताळता आले पाहिजे. त्यासाठी आवश्यक माहिती येथे दिली आहे.

लिंग कसे ठरते?

माणसात व गाई-म्हशींत अपत्याचे लिंग नराच्या बीजावरून ठरते. पक्ष्यांत याच्या उलट आहे. कोंबड्याची दोन्ही लिंग-गुणसूत्रे एकसारखी, म्हणजे 'झेड-झेड' असतात; कोंबडीची मात्र 'झेड' आणि 'डब्ल्यू' अशी भिन्न असतात. आईकडून 'झेड' आले तर नर आणि 'डब्ल्यू' आले तर मादी. त्यामुळे पिल्लाचे लिंग कोंबडीकडून ठरते आणि तेही अंडे घातले जाण्यापूर्वीच.

यातून तीन प्रचलित समजुतींचे उत्तर मिळते. टोकदार अंड्यातून नर व गोलसर अंड्यातून मादी निघते, या समजास आधार नाही. अंड्याचा आकार कोंबडीच्या अंडनलिकेत घडतो, आतील जीवाच्या लिंगाशी त्याचा संबंध नसतो. दोऱ्याला सुई बांधून ती अंड्यावर फिरवणे, पिल्लू पाय धरून उलटे लटकवणे, हेही निव्वळ अंदाज आहेत. अशा कोणत्याही अंदाजाला निम्म्या वेळा यश मिळतेच, म्हणून तो खरा वाटतो. 'अमुक कोंबडा ठेवला की माद्या जास्त होतात' हा समजही याच कारणाने टिकत नाही.

पहिल्या दिवशी ओळख शक्य आहे का?

शक्य आहे, पण अंगणात नव्हे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जपानमधील कियोशी मासुई व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकदिवसीय पिल्लाच्या गुदद्वाराच्या आतील सूक्ष्म उंचवटा पाहून लिंग ओळखण्याची पद्धत मांडली. व्यापारी उबवणी केंद्रांत ती पुढे रुळली. तिच्यासाठी दीर्घ प्रशिक्षण लागते. अननुभवी हाताने पिल्लू दाबल्यास त्याच्या आतड्याला इजा होते, म्हणून पशुपालकांनी हा प्रयोग करू नये.

पंखांवरून लिंग ओळखण्याच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर फिरतात. त्यांत दाखवलेले तंत्र खोटे नाही, परंतु ते सर्वत्र लागू होत नाही. पिसे उशिरा फुटण्याचा गुण 'झेड' गुणसूत्रावर असतो. उशिरा पिसे फुटणारी मादी आणि लवकर पिसे फुटणारा नर असा संकर मुद्दाम केला, तरच मुलींची पिसे लवकर व मुलांची उशिरा येतात. रंगाचेही तसेच आहे. पट्टेरी रंगाचा गुणही 'झेड' गुणसूत्रावर असतो. ऱ्होड आयलंड रेड नर व पट्टेरी प्लायमाऊथ रॉक मादी यांच्या संकरातील नर पिल्लांच्या डोक्यावर पांढरा ठिपका दिसतो. मादी पिल्लांत तो नसतो, कारण आईचे 'झेड' केवळ मुलग्यांना मिळते. गावठी, मिश्र रक्ताच्या कळपात आई-वडिलांची अशी निवड झालेली नसते. तेथे पहिल्या दिवशी पंख वा रंग पाहून केलेली निवड फसवी ठरते.

वयानुसार ओळख

परसबागेत लिंगनिश्चिती एका खुणेवर न करता वयानुसार करावी आणि किमान दोन खुणा जुळल्यावरच निर्णय घ्यावा.

४ ते ६ आठवडे : नराचा तुरा थोडा रुंद होऊन गुलाबीसर दिसू लागतो, मादीचा तुरा लहान व फिकट पिवळसर राहतो. नराचे पाय जाड व उभे राहणे ताठ असते. या वयात केवळ 'संशयित नर' अशी नोंद करावी, विक्रीचा निर्णय घेऊ नये.

८ ते १० आठवडे : नराचा तुरा व चोचीखाली लोंबणारे गलोल स्पष्ट लाल होतात. काही नर घोगऱ्या आवाजात आरवण्याचा प्रयत्न करतात. मादीचा तुरा अजूनही फिकट असतो. सर्वसाधारण जातींत या वयात बहुतेक पक्षी ओळखता येतात.

१२ ते १४ आठवडे : सर्वांत खात्रीची खूण पिसांत मिळते. नराच्या मानेवरील आणि कमरेवरील पिसे लांब, अरुंद, टोकदार व चकचकीत होतात. मादीची त्याच जागेवरील पिसे रुंद व गोल टोकाची राहतात. कमरेवरून शेपटीच्या दोन्ही बाजूंना झुपक्यासारखी उतरणारी टोकदार पिसे दिसली की शंका उरत नाही. पुढे शेपटीत कोयत्यासारखी वळलेली लांब पिसे येतात.

१८ आठवड्यांनंतर : येथे एक मोठी चूक होते. अंड्यावर येण्याच्या सुमारास तलंगेचाही तुरा लाल व मोठा होतो. तेवढ्यावरून तिला नर समजून विकणे म्हणजे अंड्यांचा काळ सुरू होण्याच्या तोंडावर कोंबडी गमावणे होय. अशा वेळी पिसांची टोके पाहावीत. शेपटीखालील दोन जघनास्थींमधील अंतरही बोटांनी पाहावे. अंडी देणाऱ्या मादीत तेथे दोन ते तीन बोटे सहज बसतात. नरात हाडे जवळ व घट्ट असतात. हात पाठीवर ठेवताच खाली दबून बसणारी तलंग लवकरच अंडे देईल, असे समजावे.

पायामागील नखी हा मात्र दुय्यम पुरावा आहे. वयस्क कोंबडीलाही नखी फुटते.

जातीनुसार अपवाद

कडकनाथ ही मध्य प्रदेशातील झाबुआ भागातील जात असून तिच्या मांसास २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातही ती मोठ्या प्रमाणावर पाळली जाते. तिच्या त्वचेत काळे रंगद्रव्य असल्याने तुरा लाल दिसण्याची खूण उपयोगी पडत नाही. तेथे तुऱ्याचा आकार व पिसांची टोके यांवरच भिस्त ठेवावी. असील जातीत तुरा मुळातच लहान, वाटाण्यासारखा असतो. नराचा तुराही डोळ्यांत भरत नाही. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेल्या वनराजा व ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित पक्ष्यांत तुरा एकेरी असल्याने वरील वेळापत्रक बऱ्याच अंशी लागू पडते.

तुरा व पिसे यांमागील संप्रेरके

तुरा, आरवणे व झुंजारपणा हे गुण नराच्या वृषणांतील स्रावामुळे येतात, हे जर्मनीतील गटिंगेन येथील आर्नोल्ड बर्टहोल्ड यांनी १८४९ मध्ये कोंबड्यांवरील प्रयोगातून दाखवले. वृषण काढलेल्या कोंबड्यांचा तुरा खुरटला व आरवणे थांबले. वृषण पोटात पुन्हा रोपल्यावर ती लक्षणे परतली. संप्रेरकशास्त्राच्या इतिहासात हा प्रयोग आद्य मानला जातो. पिसांचे गणित निराळे आहे : मादीची गोल पिसे तिच्या अंडाशयातील इस्ट्रोजेनमुळे घडतात.

यावरून एका जुन्या भीतीचा उलगडा होतो. कोंबडी आरवली की अपशकुन मानून तिला तात्काळ मारण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते. कोंबडीचे केवळ डावे अंडाशय कार्यक्षम असते. रोग, गाठ वा वार्धक्यामुळे ते निकामी झाल्यास इस्ट्रोजेन घटते आणि तुरा वाढणे, नरासारखी पिसे येणे, आरवणे अशी लक्षणे दिसू शकतात. ही आरोग्याची सूचना आहे, अपशकुन नव्हे. अशी कोंबडी अंड्यांसाठी उपयोगाची राहत नाही, इतकाच तिचा व्यावहारिक अर्थ.

कळपातील उतरंड

कोंबड्यांच्या कळपात मानाची उतरंड असते, हे नॉर्वेजियन संशोधक थोरलाइफ शेल्डरुप-एबे यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांतून जगापुढे आले. कोण कोणाला टोचते आणि कोण मुकाट्याने बाजूला होते, याच्या नोंदी त्यांनी बालपणापासून ठेवल्या होत्या. नरांची व माद्यांची उतरंड स्वतंत्र असते. एकदा क्रम ठरला की दररोज भांडण्याची गरज राहत नाही. वरच्या कोंबडीने नुसती मान उंचावली तरी खालची दूर होते. म्हणजे ही उतरंड कळपातील शांततेची व्यवस्थाच आहे. ती मोडली की टोचाटोची वाढते.

व्यवस्थापनात याचे तीन उपयोग आहेत. एक, खाद्य व पाणी एकाच ठिकाणी न ठेवता दोन-तीन जागी ठेवावे. अन्यथा तळाच्या माद्या उपाशी राहतात आणि त्याच अंडी देत नाहीत म्हणून विकल्या जातात. दोन, बाजारातून आणलेला नवा पक्षी थेट कळपात सोडू नये. रोगांच्या दृष्टीने त्याला दोन ते तीन आठवडे दूर ठेवावे, नंतर काही दिवस जाळीपलीकडून एकमेकांना पाहू द्यावे आणि मग रात्री, एकट्याऐवजी दोन-तीन पक्ष्यांच्या जोडीने, खुराड्यात सोडावे. तीन, जखमी पक्षी तात्काळ वेगळा करावा. रक्ताचा लाल रंग दिसताच इतर कोंबड्या तेथेच टोचत राहतात.

पहाटेच्या आरवण्यातही हाच क्रम दिसतो. जपानमधील नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की आरवण्याची वेळ कोंबड्याच्या शरीरातील घड्याळ ठरवते. अंधुक उजेडात ठेवलेले कोंबडेही अपेक्षित पहाटेस आरवले. पुढे २०१५ मध्ये त्यांनी नोंदवले की गटातील सर्वांत वरच्या क्रमांकाचा कोंबडा प्रथम आरवतो व इतर त्याच्या मागोमाग. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे; झाकलेल्या कोंबड्यालाही पहाट कळते, हे आता प्रयोगाने सिद्ध झाले आहे. कोणता कोंबडा प्रथम आरवतो, हे सलग आठवडाभर ऐकल्यास कळपाचा प्रमुख कोण ते पशुपालकास घरबसल्या समजते.

कोंबड्याचे काम व त्याची संख्या

केवळ खाण्याच्या अंड्यांसाठी नराची गरज नसते. नर नसला तरी कोंबडी अंडी देते. पिल्ले काढायची असल्यास मात्र नर हवा. मोकळ्या कळपात त्याचे आणखी एक काम आहे. खाद्य सापडले की तो विशिष्ट आवाज काढून माद्यांना बोलावतो. घार वा शिक्रा दिसल्यास एक आणि जमिनीवरून मांजर, मुंगूस वा कुत्रे आल्यास दुसरा इशारा देतो. पहिल्या आवाजास माद्या दबून आडोसा शोधतात, दुसऱ्यास माना ताठ करून उभ्या राहतात. ज्यांच्या कोंबड्या दिवसभर शेताच्या बांधावर चरतात, त्यांच्यासाठी सावध कोंबडा हा राखणदारच असतो.

नर जास्त झाले की हेच काम उलटते. माद्यांच्या पाठीवरील व डोक्यामागील पिसे गळणे, त्या दिवसाही खुराड्यातून बाहेर न येणे आणि दाण्यावर येण्यास कचरणे, ही जादा नरांची लक्षणे आहेत. खर्चाचाही विचार करावा. दहा जादा नरांना प्रत्येकी रोज ५० ग्रॅम दाणा घातला, तर महिन्याला १५ किलो धान्य जाते. म्हणून पैदाशीसाठी निवडलेले नर वगळता इतरांची विक्री १२ ते १६ आठवड्यांच्या दरम्यान करावी. निवडताना केवळ सर्वांत मोठा किंवा सर्वांत भांडखोर नर न घेता सरळ पायांचा, दाणा सापडल्यावर माद्यांना बोलावणारा आणि माणसावर न झेपावणारा नर घ्यावा.

एकदा संग झाल्यावर मादीच्या शरीरात शुक्राणू साठून राहतात व सुमारे दोन आठवडे फलित अंडी मिळू शकतात. म्हणून नर बदलल्यावर नव्या नराची पिल्ले हवी असल्यास किमान तीन आठवडे थांबून मग अंडी उबवणीस ठेवावीत. सख्ख्या नात्यातील पैदास टाळण्यासाठी दरवर्षी शेजारच्या गावातील निरोगी कळपाशी नराची अदलाबदल करणे हितकारक असते.

खुडूक कोंबडी

खुराड्यात बसून राहणारी, पिसे फुलवणारी व हात लावताच गुरगुरणारी कोंबडी आजारी नसून बहुधा खुडूक झालेली असते. प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे तिचे अंडी देणे थांबते व उबवण्याची प्रवृत्ती जागी होते. सुधारित पक्ष्यांत निवडीमुळे ही प्रवृत्ती कमी झाली आहे, तर गावठी कोंबडीत ती टिकून आहे. त्यामुळे सुधारित पक्ष्यांची १० ते १२ फलित अंडी गावठी खुडूक कोंबडीखाली ठेवून २१ दिवसांत पिल्ले मिळवता येतात. सातव्या दिवशी अंधारात विजेरीच्या उजेडावर अंडी धरून वांझ अंडी काढून टाकावीत.

धूळस्नान आणि बाह्य परोपजीवी

कोरड्या मातीत खड्डा करून लोळणे ही कोंबडीची पिसांच्या निगेची उपजत पद्धत आहे. धुळीमुळे पिसांवरील जादा तेलकटपणा निघतो आणि उवा व पिसांतील गोचिडी कमी होण्यास मदत होते. पावसाळ्यात अंगण ओले झाले की हे स्नान थांबते आणि परोपजीवींना संधी मिळते. म्हणून छपराखाली एका पाटीत कोरडी बारीक माती व चाळलेली राख ठेवावी. शेतातील कीटकनाशकाची भुकटी त्यात कधीही मिसळू नये. ती पक्ष्याच्या पोटात व पुढे अंड्यात उतरू शकते. औषधाची गरज भासल्यास पशुवैद्यकाने सुचवलेलेच औषध वापरावे.

एक लक्षण विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. नेहमी वेळेवर खुराड्यात शिरणाऱ्या कोंबड्या संध्याकाळी आत जाण्यास नकार देऊन झाडावर वा छपरावर बसू लागल्या, तर त्यांना हटवादी समजू नये. कोंबड्यांची गोचीड दिवसा खुराड्याच्या लाकडी फटींत, भिंतीच्या भेगांत लपते व रात्री रक्त पिते. लाल कोळीही तसेच वागतात. रात्री विजेरी घेऊन फटी तपासाव्यात, भेगा बुजवाव्यात आणि खुराडे उन्हात तापवून चुन्याने रंगवावे. डास हे देवी रोगाचे वाहक असल्याने खुराड्याभोवती पाणी साचू देऊ नये.

मोकळ्या कोंबड्या उकिरड्यावरील माश्यांच्या अळ्या, वाळवी व शेतातील किडे वेचून खातात. हा त्यांचा प्रथिनांचा मोठा स्रोत आहे. परंतु फवारणी झालेल्या शेतातील मरणारे किडे आणि औषध चोळलेले बियाणे त्यांच्यासाठी विष ठरते. फवारणी व पेरणीच्या दिवसांत कोंबड्या कोंडून ठेवाव्यात.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

लिंगनिश्चितीसाठी वेगळा दिवस शोधण्याची गरज नाही. पशुवैद्यकाच्या वेळापत्रकानुसार सुमारे आठव्या आठवड्यात रानीखेत (मरी) रोगाची बळकटी लस टोचण्यासाठी प्रत्येक पक्षी हातात धरावाच लागतो. त्याच वेळी तुरा व गलोल पाहून नराच्या पायात एका रंगाचे, मादीच्या पायात दुसऱ्या रंगाचे कडे घालावे आणि शंका असलेला पक्षी मोकळा ठेवावा. बाराव्या ते चौदाव्या आठवड्यात मान व कमरेची पिसे पाहून शंका असलेल्यांचा निर्णय करावा. पक्षी रात्री खुराड्यात शांत असताना धरावेत. धावपळ करून पकडल्यास इजा होते आणि कळपाचा विश्वास तुटतो. तलंगांचा गट स्वीकारतानाही महिला गटांनी हेच निकष लावून प्रत्येक पक्षी हातात घेऊन पाहावा व नर-मादींची संख्या पावतीवर लिहून घ्यावी.

वहीत चार रकाने पुरेसे आहेत : कड्याचा रंग, तुऱ्याचे वर्णन, पिसांची टोके आणि निर्णयाची तारीख. दोन-तीन तुकड्यांच्या अशा नोंदी झाल्या की त्या गावातील कळपाचे स्वतःचे वेळापत्रक तयार होते आणि ते पुस्तकी वेळापत्रकापेक्षा अधिक उपयोगी पडते.

सारांश

पहिल्या दिवशीच्या अंदाजावर विसंबू नये. आठव्या आठवड्यात तुरा पाहावा, बाराव्या ते चौदाव्या आठवड्यात पिसे पाहून निर्णय पक्का करावा आणि सोळाव्या आठवड्यापूर्वी जादा नर विकावेत. आठ ते दहा माद्यांमागे एक नर, दोन-तीन ठिकाणी खाद्य-पाणी आणि बाराही महिने कोरडी धूळ, एवढी व्यवस्था ठेवल्यास कळप शांत राहतो. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरतात तेव्हा दहा मिनिटे तेथे उभे राहून त्यांना पाहावे. कोण मागे राहते, कोणाची पाठ उघडी पडली आहे आणि कोण आत जायला नकार देते, या तीन गोष्टींतून दुसऱ्या दिवशी काय करायचे ते ठरवता येते.